रविवारची बैठक : राफाएल कुबेलिक

सर्व सभासदांना नमस्कार. येत्या रविवारी संध्याकाळी ५ वाजता, नेहमीच्याच जागी, चेक वाद्यवृंदसंचालक (कंडक्टर) राफाएल कुबेलिक (१९१४–१९९६) यांचं ध्वनिमुद्रण ऐकायचं आहे. मागच्या वेळी निम्मी मंडळी साडेपाचला आली. या वेळी दार ५ला बंद, कारण चेक संगीतकार स्मेतानाची ‘मा व्लास्त’ (माझा देश) ही सहा भागांची रचना सव्वा तासाहून मोठी आहे आणि मध्ये थांबवायची नाही.

प्रसिद्ध व्हायोलिनवादक यान कुबेलिक यांचा हा मुलगा. आधी ब्र्नोच्या ऑपेरागृहात, मग १९४२पासून चेक फिलहार्मोनिक या प्रागच्या वाद्यवृंदाचा प्रमुख. १९४८मध्ये कम्युनिस्टांनी सत्ता घेतली, तेव्हा एडिंबरा महोत्सवात मोझार्टचा ऑपेरा करायला म्हणून ते बाहेर पडले ते परतलेच नाहीत. पुढे शिकागोचा वाद्यवृंद (तिथे तीनच हंगाम, समीक्षकांनी पार सोलून काढलं), लंडनचं कॉव्हेंट गार्डन ऑपेरागृह, आणि १९६१पासून म्युनिकचा बव्हेरियन रेडिओ वाद्यवृंद. तिथलं त्यांचं संगीतकार माहलरच्या रचनांचं वादन मला तरी सगळ्यांत जवळचं वाटतं.

१९८५मध्ये त्यांनी निवृत्ती घेतली होती. पण राजवट कोसळल्यावर मे १९९०मध्ये ते प्रागला आले आणि ‘प्राग स्प्रिंग’ महोत्सवात चेक फिलहार्मोनिकसमोर उभे राहिले, ४२ वर्षांनी. आपण ऐकणार आहोत ते तेच वादन. दुसरा भाग, ‘व्ल्तावा’ नदीचा, बहुतेकांच्या कानावरून गेलेला असेल.

फोन बंद ठेवावेत. चहा नंतर.