कॅडेटच्या पोरांना आधी बोलावलंत, त्याबद्दल

आदरणीय सचिव मॅडम,

हात जोडल्याचं चित्र पाठवून मोकळं होण्यासारखी ही गोष्ट नाही, म्हणून चार लोकांसमोर लिहितेय.

आजवर आपल्या कार्टिंगच्या, म्हणजे छोट्या रेसिंग गाड्यांच्या शर्यतींच्या, बक्षीस समारंभात आमच्या कॅडेट गटाची, म्हणजे सगळ्यात लहान पोरांची, पाळी सगळ्यात शेवटी यायची. सीनियर, मग ज्युनिअर, मध्येच प्रायोजकांची भाषणं. आठ-दहा वर्षांची पोरं तोवर खुर्चीतच पेंगायला लागलेली. मग सगळ्यांना एकदम स्टेजवर पिटाळायचं, आडनावांची मोडतोड करायची, एक ग्रुप फोटो काढायचा आणि लोक जेवायला उठायचे. यंदा कॅडेट पहिले. प्रत्येकाचं पूर्ण नाव, कार्टचा नंबर, आणि ट्रॉफी सीनियरच्या ट्रॉफीएवढीच. निवेदकाला तुम्ही बाजूला घेऊन अवघड नावं दोनदा म्हणायला लावलीत, ते मी पाहिलं. 'मुलगी असूनही' हे त्याचं ठरलेलं वाक्य यंदा ऐकू आलं नाही, तेही तुमचंच काम असणार.

तिसऱ्या क्रमांकाचा घोळ तर तुम्ही फारच नीट हाताळलात. सर्वात कमी गुणांच्या फेऱ्या वगळल्यावर दोघांचे गुण सारखे झाले होते. अशा वेळी कोणाचे विजय जास्त ते बघायचं, तेही सारखे असतील तर दुसरे क्रमांक मोजायचे, असं आपल्या नियमांत आहे. पण त्यातल्या एकाची एक फेरी कार्ट आणि चालक मिळून वजन कमी भरल्यामुळे बाद झाली होती, आणि बाद झालेली फेरी वगळता येत नाही, म्हणून तो चौथा ठरला. (वजन भरून काढायला सीटला लावलेलं शिसं सैल होऊन पडलं, त्यात त्या पोराचा काय दोष? पण काट्यावर जे भरतं तेच खरं.) हे सगळं तुम्ही समारंभाआधी तक्त्यात मांडलंत आणि दोन्ही घरांना स्वतः फोन केलात. चौथा आलेला मुलगा आपण चौथे आहोत हे ठाऊक असूनच हॉलमध्ये आला आणि तिसऱ्यासाठी टाळ्या वाजवत होता. हेच त्याला स्टेजच्या पायरीशी कळलं असतं तर?

आणि तो व्हिडिओ! दरवर्षी 'गमतीजमती' म्हणून कोण गरगर फिरलं, कोण टायरच्या भिंतीत घुसलं ते मोठ्या पडद्यावर दाखवायचे. मोठी माणसं पोट धरून हसायची आणि ज्याची कार्ट पडद्यावर असे तो आपल्या बुटांकडे बघत बसे. तुम्ही तो भाग कापलात आणि त्या जागी ओल्या ट्रॅकवरचं ओव्हरटेकिंग दाखवलंत. माझ्या मते समारंभातला सगळ्यात चांगला निर्णय हाच.

पोरांच्या बक्षिसांचं एवढं काय, असं म्हणणारे भेटतातच. फॉर्म्युला वनचा विश्वविजेता लुईस हॅमिल्टन दहा वर्षांचा असताना, १९९५ साली, कॅडेट विजेता म्हणून अशाच एका समारंभाला गेला होता. तिथे त्याने मॅक्लारेन या फॉर्म्युला वन संघाचे प्रमुख रॉन डेनिस यांना गाठून सांगितलं, मला एक दिवस तुमच्यासाठी गाडी चालवायची आहे. १९९८ मध्ये मॅक्लारेनने त्याला आपल्या पंखाखाली घेतलं आणि २००७ मध्ये तो त्यांच्या फॉर्म्युला वन गाडीत बसला. पण खरं सांगू का, आमच्या पोरांतलं कोणी तिथवर जाईल म्हणून मी हे लिहीत नाही. बहुतेक जण पंधरा-सोळाव्या वर्षापर्यंत कार्ट विकून टाकतील. खर्चच तसा आहे. त्यांच्या वाट्याला स्टेज येणार ते एवढंच.

ट्रॉफ्यांच्या खर्चावरून समितीत तुम्हाला बरंच ऐकून घ्यावं लागलं, असं कानावर आलंय. पुढच्या हंगामात तो विषय पुन्हा निघाला तर आम्हा पालकांना बैठकीला बोलवा, आम्ही येऊ. आणि गुणतक्ता तपासायला, नावांची यादी वाचून घ्यायला माणूस लागला तर मला हाक मारा. शनिवारी मी ट्रॅकवर असतेच.

आपली,
एका कॅडेट चालकाची आई