सोबत अर्ज जोडला आहे

मानेवाडा, नागपूर
बुधवार, रात्र

चि. मृणाल,
अनेक आशीर्वाद.

परवा तू "बाबा, तुम्ही यात पडू नका" म्हणालीस आणि फोन ठेवलास. तेव्हापासून घरात मी कोणाशी धड बोललो नाही. आज तुझ्या आईने विचारलंच. सांगितलं, तर तिला आधीच ठाऊक होतं. पिंकीने तिला ते खोटं अकाउंट दाखवलं होतं, तुझ्याच नावाचं, सोनूच्या लग्नातला तुझा चेहरा कापून भलत्याच अंगावर लावलेला. ती रडली नाही. रात्री जेवतेस का, एवढंच विचारायला सांगितलं आहे.

मला दुसरंच विचारायचं आहे. तुला येणारे ते घाणेरडे मेसेज तू डिलीट तर केले नाहीस ना?

रागावू नकोस. असले मेसेज फोनमध्ये राहू देणं म्हणजे घाण उशाशी घेऊन झोपणं, हे कळतं मला. पण सिव्हिल लाइन्सला कोर्टासमोर टेबल मांडून मी आयुष्यभर लोकांचे अर्ज टाईप केले. समोरचा माणूस खरं सांगत असतो, डोळ्यांत पाणी असतं. मी विचारतो, कागद? म्हणतो, रागाच्या भरात फाडून टाकला. तिथे पुढे काय टाईप करायचं?

आत्याचं तुला कोणी नीट सांगितलं नाही. ती कॉलेजात असताना घरी निनावी चिठ्ठ्या यायच्या. निळी शाई, अक्षर मुद्दाम वाकडं काढलेलं. अप्पा वाचायचे आणि सरळ चुलीत घालायचे. घराण्याची अब्रू, म्हणून एकही शिल्लक ठेवली नाही. लिहिणारा कोण हे अख्ख्या वस्तीला माहीत होतं, पण दाखवायला हातात काय होतं? त्याला कोणी काही विचारलं नाही. कॉलेज आत्याचं सुटलं, पुढच्या उन्हाळ्यात लग्न लावून दिलं. गणितात ती माझ्या कितीतरी पुढे होती. तू दहावीच्या पोट्ट्यांना आपल्या नागपुरी बोलीत त्रिकोणमिती शिकवतेस, ते व्हिडिओ ती मोबाइल डोळ्यांजवळ धरून बघते. काल विचारत होती, "मृणाल आता काऊन नाही टाकत?" मी काय सांगणार होतो.

व्हिडिओ टाकायचे की नाही, ते तू ठरव. मी त्यात बोलणार नाही. मेसेज मात्र ठेव. ब्लॉक करण्याआधी प्रत्येकाचा स्क्रीनशॉट घे, त्यात अकाउंटचं नाव, तारीख, वेळ दिसली पाहिजे, आणि लिंक वेगळी लिहून ठेव. नुसत्या स्क्रीनशॉटवर कोर्टात भागत नाही, तो कोणत्या फोनवरून, कसा घेतला हे सांगणारं प्रमाणपत्र सोबत लागतं. पूर्वी त्याला 65-बीचं म्हणायचे, आता नव्या साक्ष अधिनियमात ते कलम 63 झालं. म्हणून हा फोन विकू नकोस, बदलू नकोस, फॉरमॅट तर मुळीच करू नकोस.

मग ज्या ॲपवर ते अकाउंट आहे, त्या कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे जा. फेरफार केलेला फोटो किंवा कोणाचं सोंग घेतलेला मजकूर काढायला 2021 च्या आयटी नियमांत कंपनीला 24 तास होते, फेब्रुवारी 2026 पासून 2 तासांपेक्षा जास्त वेळ घेता येत नाही. पण आधी पुरावा, मग तक्रार. ते उतरलं की तुलाही दिसायचं नाही. तक्रारीवरून काढलेला मजकूर कंपनीने 180 दिवस जपून ठेवायचा असतो, पोलिसांनी मागितला तर द्यावा लागतो. आणि रागाच्या भरात तू काही पुसलंच असशील, तरी घाबरू नकोस, पिंकीच्या फोनमध्येही काही आहे. तिला मी सांगून ठेवलंय, हात लावू नकोस म्हणून.

सोबतच्या पोलीस तक्रारीच्या अर्जात भारतीय न्याय संहितेची 78 आणि 79 ही कलमं घातली आहेत. नको म्हटल्यावरही पुन्हा पुन्हा मेसेज करतो, ते 78. स्त्रीचा अपमान करणारे शब्द, ते 79. 1 जुलै 2024 च्या आधी जुन्या दंड संहितेत हीच 354-ड आणि 509 होती, माझी बोटं अजून तिकडेच वळतात. तुझ्या नावाने अकाउंट काढलं म्हणून आयटी कायद्याचं 66-सी, अश्लील फोटोसाठी 67. पहिल्या गुन्ह्याला दोन्हींत तीन वर्षांपर्यंत कैद आहे. शेजारच्या टेबलावरचा पोट्टा 66-एसुद्धा घाला म्हणत होता, ते आक्षेपार्ह मेसेजचं कलम. ते सुप्रीम कोर्टाने 2015 मध्येच रद्द केलं, मी घातलं नाही.

तक्रार कोणत्याही ठाण्यात देता येते, हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही. 78 आणि 79 ची फिर्याद महिला अधिकाऱ्यानेच लिहून घ्यायची असते. एफआयआरची प्रत फुकट मिळते, मागून घे. लिहूनच घेतली नाही तर वरच्या अधिकाऱ्याला लेखी कळवायचं, तिथेही नाही झालं तर मॅजिस्ट्रेट आहेत. विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रीला वकील मोफत मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो.

बघ, पुन्हा कोर्टातल्यासारखं बोलायला लागलो. माफ कर पोरी. तू लहान असताना माझ्या टेबलाखाली बसून कार्बन पेपरवर पाढे लिहायचीस, हात निळेकाळे करून घरी यायचीस आणि आई मला बोलायची. इथल्या पोरांना तू साइन-कोसाइन समजावून सांगतेस, ते बघून माझ्या गिऱ्हाइकांना मी थांबवून सांगतो, ही माझी मुलगी. अजूनही सांगतो. आजही सांगितलं.

भीती वाटते ती रात्रीची. तुझी रूममेट गावाला गेली आहे, तू एकटी आहेस, फोन उचलत नाहीस. बाराला तू ऑनलाइन दिसतेस, दोनलाही दिसतेस. त्या वेळी काय वाचत असतेस, हाच विचार डोक्यात असतो. वाचू नकोस. पण पुसूही नकोस. पिंकीला पाठव, ती सांभाळेल.

मी शुक्रवारी संध्याकाळच्या ट्रॅव्हल्सने निघतोय. नको म्हणू नकोस, तिकीट काढलं आहे. आई चकल्या देते आहे. ठाण्यात मी तुझ्या शेजारी बसेन, बोलायचं तूच. मी मधे बोललो तर मला गप्प कर.

तुझा,
बाबा

ता. क. अर्जात तारखांच्या जागा मोकळ्या सोडल्या आहेत, स्क्रीनशॉट बघून भर, आठवणीतून भरू नकोस. प्रती तीन आहेत. तिसरीवर पोच म्हणून ठाण्याचा शिक्का आणि आवक क्रमांक घ्यायचा.