ग्दान्स्कबद्दल, सुध्यास

प्रिय सुध्या,

परवा फोनवर तू विचारलंस ग्दान्स्क कसं काय आहे, आणि मी नुसतं 'लई भारी' म्हणून विषय सोडला, कारण ते फोनवर सांगण्यासारखं नाहीच रे. आज सुट्टी आहे, बाहेर पाऊस आहे, तेव्हा निवांत लिहितो, तू पण निवांत वाच.

वॉर्साहून फास्ट ट्रेनने तीन तासांच्या आत पोचतो. बाल्टिक समुद्राकाठचं जुनं बंदर, हजार वर्षांचं गाव, मोत्वावा नदी मधनं वाहते आणि सगळा जुना भाग असा की टॅक्सी-बस काही लागत नाही, स्टेशनवरनं पाठीला सॅक लावायची आणि चालायला लागायचं. मी तर म्हणेन तिथं गाडीतनं फिरणं म्हणजे काहीच न बघणं, कारण बघायचं ते भिंतीवर, दारावर, पायऱ्यांवर, छपराच्या टोकावर आहे.

सोनेरी दरवाजातनं आत शिरलास की द्वुगा रस्ता सुरू होतो. हा दरवाजा १६१२ ते १६१४ च्या दरम्यान बांधलेला, पोलंडचे राजे गावात यायचे ते याच वाटेनं, म्हणून याला राजमार्ग म्हणतात. दोन्ही बाजूला उंच आणि अरुंद घरं, एकेका घराला जेमतेम तीन खिडक्यांची रुंदी, पण माळे चार-पाच, आणि वरती नक्षीदार शिखरं, त्यावर पुतळे, कुठं जहाज, कुठं देवता. हिरवं, गुलाबी, पिवळं, विटकरी, प्रत्येक घर वेगळं. रस्ता पुढं रुंद होतो, तिथं टाऊन हॉल, त्याच्या मनोऱ्याच्या टोकाला सोन्याचा मुलामा दिलेला राजा झिग्मुंट, शेजारी व्यापाऱ्यांची बैठक असलेलं आर्टुस कोर्ट आणि त्याच्यासमोर नेपच्यूनचं कारंजं, १६३३ पासूनचं. बंदराचं गाव, त्यामुळं चौकात समुद्राचा देव असणारच.

आणि आता नीट ऐक. हे जे मी तुला वर्णन करून सांगतोय ना, यातलं बहुतेक सगळं युद्धानंतर उभं केलेलं आहे. मार्च १९४५ मध्ये रशियन फौज आली तेव्हा बॉम्ब, तोफा आणि आगी यात जुन्या गावाचा जवळजवळ नव्वद टक्के भाग गेला. टाऊन हॉलमध्ये म्युझियम आहे, तिथं त्यावेळचे फोटो लावलेत, मी ते बघत बराच वेळ उभा होतो. सगळा द्वुगा रस्ता म्हणजे विटांचे ढीग आणि मधनं एक पायवाट. खिडकीतनं खाली बघितलं की तोच रस्ता, पोरं आइस्क्रीम खातायत. त्याच टाऊन हॉलच्या लाल दालनात छताला जुनी चित्रं आहेत, ती मात्र खरी जुनी, कारण लढाई पोचायच्या आधी ती उतरवून लपवून ठेवली होती. मधलं मोठं चित्र १६०८ चं आहे, त्यात डोंगरापासून समुद्रापर्यंत वाहणारी व्हिस्तुला नदी, तिच्यावर धान्याच्या नावा, खाली व्यापारी आणि सरदार हात मिळवतायत आणि वरनं देवाचा हात येऊन गावाच्या मनोऱ्याला धरतोय. गाव श्रीमंत कशावर झालं ते एका चित्रात कळतं, धान्य पोलंडच्या आतल्या भागातनं नदीवरनं यायचं आणि इथनं जहाजात चढून हॉलंडला जायचं.

मग पुन्हा बांधलं कसं? हे मला सगळ्यात जास्त भावलं म्हणून जरा सविस्तर सांगतो. युद्धानंतर काहीजण म्हणत होते की हे अवशेष तसेच ठेवा, नवीन गाव दुसरीकडं वसवा. शेवटी ठरलं की दर्शनी भिंती जुन्यासारख्या करायच्या, पण त्या १९४५ च्या आधी होत्या तशा नव्हे, तर त्याच्याही मागं जाऊन, १७९३ ला प्रशियाने (तेव्हाचं जर्मन राज्य) गाव घेतलं त्याच्या आधीच्या, डच आणि फ्लेमिश वळणाच्या. म्हणजे कुठला इतिहास दाखवायचा आणि कुठला पुसायचा हे पण बांधणाऱ्यांनी ठरवलं. आणि भिंतीच्या मागं मात्र साधे फ्लॅट, कामगारांना राहायला. तू कधी गेलास तर द्वुगावरच्या एखाद्या कमानीतनं मागच्या बाजूला जाच, तिथं पूर्वी दाटीवाटीनं मागची घरं होती, ती परत बांधलीच नाहीत, त्या जागी झाडं, बाकडी, घसरगुंडी, वाळत घातलेले कपडे. पुढं राजमार्ग आणि मागं चाळीच्या अंगणासारखं निवांत आवार. टुरिस्ट तिकडं फिरकत पण नाहीत. मला तर तेच खरं गाव वाटलं.

आता ते बांधणारे आणि तिथं राहायला आलेले लोक कोण, हे बघ. युद्धाच्या आधी ग्दान्स्क म्हणजे डान्झिग, १९२० पासून स्वतंत्र शहर, राहणारे बहुतेक जर्मन बोलणारे. १९४५ नंतर ते पळाले किंवा त्यांना हाकललं. त्यांच्या जागी मध्य पोलंडच्या खेड्यापाड्यातनं लोक आले, आणि आले ते पूर्वेकडनं, विल्नो (आजचं विल्नियस) आणि ल्वूव (आजचं ल्विव) भागातनं, कारण तो सगळा मुलूख सोव्हिएत युनियनमध्ये गेला होता, त्यांना परत जायला घरच नव्हतं. जुन्या गावात सेंट निकोलस नावाचं चर्च आहे, आख्ख्या विध्वंसातनं जवळजवळ धडधाकट वाचलेलं. ल्वूवचे डॉमिनिकन साधू तिथं आले ते येताना आपल्या चर्चमधली मेरीचं मूर्तिचित्र सोबत घेऊन आले, ते आज तिथं आहे. मी गेलो तेव्हा एक म्हातारी बाई त्याच्यासमोर गुडघ्यावर बसलेली होती, मी मागच्या बाकावर गप बसलो.

आणि सुध्या, तिथं बसल्या बसल्या मला वळिवडे आठवलं. तुझे आजोबा सांगायचे ना, वळिवड्याला गोऱ्या बायका-पोरांची छावणी होती, स्वतःची शाळा, स्वतःचं चर्च. १९४३ ते १९४८, जवळजवळ पाच हजार पोलिश माणसं आपल्या कोल्हापूरशेजारी राहिली. ती सगळी याच पूर्व पोलंडची, रशियानं १९४०-४१ मध्ये घरनं उचलून सैबेरियात नेलेली, तिथनं सुटून इराणमार्गे आपल्याकडं पोचलेली. युद्ध संपलं, पण बहुतेकांना परतायला गाव उरलं नाही, कोण इंग्लंडला गेलं, कोण ऑस्ट्रेलियाला, कोण नव्या पोलंडमध्ये. आणि त्यांच्या रिकाम्या बराकीत कोण आलं? फाळणीत सगळं सोडून आलेले सिंधी. तेच आपलं गांधीनगर, जिथं दिवाळीच्या कपड्यांसाठी आपल्या आया आपल्याला ओढत न्यायच्या. महावीर गार्डनमध्ये त्या पोलिश लोकांचं स्मारक आहे, आपण त्याच्या कडेनं किती वेळा पळत गेलो असू, कधी थांबून वाचलं पण नाही. ग्दान्स्कच्या चर्चमध्ये बसून मला गांधीनगर दिसत होतं, हे तिथं कुणाला सांगणार, म्हणून तुला सांगतोय.

बरं, पुढं चल. नदीकाठी आलास की झुराव दिसतो, गावाचं खरं चिन्ह तेच. १४४२-४४ मध्ये बांधलेली मध्ययुगातली बंदरातली क्रेन, दोन जाडजूड विटांचे बुरूज आणि मध्ये काळ्या लाकडाचा अवाढव्य भाग पाण्यावर झुकलेला. यानं जहाजावर माल चढवायचे आणि डोलकाठ्या उभ्या करायचे. ताकद कुठनं यायची? माणसांच्या पायातनं. आत प्रचंड लाकडी चाकं आहेत, माणसं चाकाच्या आत शिरून चालायची आणि दोर गुंडाळला जायचा. १९४५ ला लाकूड सगळं जळालं, विटा उरल्या, नंतर परत उभं केलं. खाली बोळातनं जाताना मान वर कर, चाकं दिसतात. त्यात दिवसभर चालणाऱ्या माणसांची नावं कुठं नाहीत, आर्टुस कोर्टात बसणाऱ्यांची मात्र चित्रंबित्रं सगळी आहेत.

झुरावच्या अलीकडं मारियात्स्का गल्ली लागते, ती सकाळी लवकर गाठ, नंतर पाय ठेवायला जागा नसते. प्रत्येक घरापुढं दगडी ओटा, त्याला कोरीव कठडे, आणि पावसाचं पाणी पडायला दगडी जनावरांची तोंडं. मी होतो तेव्हा सर आली आणि ती सगळी तोंडं एकदम पाणी ओकायला लागली, पोरांनी जो दंगा केला! ओट्यांखालच्या तळघरात अंबरची दुकानं. अंबर म्हणजे चारेक कोटी वर्षांपूर्वीच्या झाडांचा चीक घट्ट झालेला, बाल्टिकच्या काठावर वाहून येतो, हातात घेतला तर दगडासारखा गार लागत नाही आणि वजनाला हलका, मिठाच्या पाण्यात तरंगतो. घेणार असशील तर घे, पण आधी मोठ्या गिरणीतलं अंबरचं म्युझियम बघ, तिथं आत अडकलेले किडे भिंगातनं दाखवलेत.

गल्लीच्या टोकाला सेंट मेरी चर्च. १३४३ ला सुरू केलं ते १५०२ ला संपलं, विटांच्या चर्चमध्ये जगातल्या सगळ्यात मोठ्यांपैकी एक, लांबी शंभर मीटरच्या वर. आत पांढऱ्या भिंती आणि उजेडच उजेड. एक खगोल घड्याळ आहे, हान्स ड्युरिंगरनं १४६४ ते १४७० मध्ये केलेलं, तारीख, चंद्राच्या कला, राशी, सणवार सगळं दाखवणारं, एका अर्थी भिंतीवरचं पंचांगच म्हण. दुपारी बाराला वरती आदम आणि ईव्ह घंटा वाजवतात. इथंच मेयर पावेव अदामोविचच्या अस्थी ठेवल्यात. जानेवारी २०१९ मध्ये चॅरिटीच्या कार्यक्रमात स्टेजवर त्याच्यावर चाकूने हल्ला झाला, दुसऱ्या दिवशी तो गेला. बाहेरून येणाऱ्या माणसांना या गावात जागा असावी असं उघड म्हणणारा माणूस. लोक अजून मेणबत्त्या लावतात. मनोऱ्याला चारशेच्या वर पायऱ्या आहेत, गुडघे बोलतात पण चढ, वरनं लाल कौलं आणि त्याच्यामागं शिपयार्डच्या क्रेन दिसतात.

आणि शिपयार्डला जायचंच, त्याशिवाय ग्दान्स्क अर्धं. स्टेशनपासनं चालत दहा-पंधरा मिनिटं. गेट नंबर दोन, अजून तेच निळसर गेट. समोर तीन उंचच उंच स्टीलचे क्रूस, ४२ मीटरचे, वरती नांगर. डिसेंबर १९७० मध्ये सरकारनं ऐन ख्रिसमसच्या तोंडावर खाण्यापिण्याच्या वस्तूंचे भाव वाढवले, कामगार रस्त्यावर आले आणि त्यांच्यावर गोळ्या घातल्या. दहा वर्षं त्यांची साधी आठवण काढायला बंदी होती. मग १९८० ला क्रेन चालवणाऱ्या आन्ना वालेंतिनोविचला निवृत्तीच्या तोंडावर कामावरनं काढलं आणि १४ ऑगस्टला संप पेटला. पुढारी म्हणून लेख वावेन्साचं (वालेसा) नाव सगळ्यांना माहिती, पण मला तिथं गेल्यावर कळलं ते १६ ऑगस्टचं. व्यवस्थापनानं शिपयार्डच्या मागण्या मान्य केल्या, संप मिटला म्हणून कामगार घरी निघाले, आणि तेव्हा आन्ना, नर्स आलिना पिएन्कोव्स्का आणि ट्राम चालवणारी हेन्रिका क्शिवोनोस या बायकांनी गेटवर लोकांना अडवलं, की तुमचं मिटलं पण बाकीच्या छोट्या कारखान्यांचं काय, त्यांना चिरडतील. अडले लोक. तिथनं तो संप एका कारखान्याचा राहिला नाही, ३१ ऑगस्टला सरकारला सही करावी लागली आणि सॉलिडॅरिटी ही स्वतंत्र कामगार संघटना उभी राहिली. एकवीस मागण्या प्लायवूडच्या दोन फळ्यांवर हातानं लिहून गेटवर टांगल्या होत्या, त्या फळ्या बघितल्यावर अंगावर काटा आला. अक्षर घाईत काढलेलं, साधं. शेजारी गंजलेल्या लोखंडाच्या रंगाची मोठी इमारत आहे, सॉलिडॅरिटी सेंटर, २०१४ पासनं, त्याला अर्धा दिवस दे. पहिल्याच दालनात छताला कामगारांची हेल्मेटं लावलीत.

बंदराच्या तोंडाशी वेस्टरप्लाटे आहे, तिथं नदीतनं बोटीनं जाता येतं. १ सप्टेंबर १९३९ च्या पहाटे जर्मन युद्धनौकेनं इथं तोफा डागल्या, दोनेकशे पोलिश सैनिक सात दिवस लढले. आता गवत, तुटलेलं काँक्रीट आणि स्मारक. मी तिथं फार बोलणार नाही, जाऊन ये.

खायचं म्हणशील तर द्वुगावरच जुन्या पद्धतीचा मिल्क बार म्हणजे साधी खानावळ आहे, ताट घेऊन रांगेत उभं राहायचं, पिएरोगी (उकडलेल्या करंजीसारखे) आणि बिटाचं सूप, स्वस्त आणि पोटभर. तू शाकाहारी, तुला बटाटा-चीजचे पिएरोगी चालतील, पण वरनं भाजलेली चरबी घालू नका म्हणून आधीच सांग.

जुलैच्या शेवटापासनं तीन आठवडे सेंट डॉमिनिकची जत्रा असते, १२६० ला सुरू झालेली, पण तेव्हा हॉटेलं महाग आणि गर्दी मरणाची. मे किंवा सप्टेंबर बघ. जाड तळव्याचे बूट आण, सगळी फरसबंदी दगडी आहे. आणि येण्याआधी एक काम कर, महावीर गार्डनमधल्या त्या स्मारकावर काय लिहिलंय त्याचा फोटो काढून पाठव, आणि आजोबांनी सांगितलेलं काकांना जे जे आठवत असेल ते रेकॉर्ड करून ठेव. इथं ऑफिसात माझ्याबरोबर ग्दान्स्कची एक बाई आहे, तिची आजी विल्नोची, तिला मी वळिवड्याबद्दल सांगितलं तर ती रोज विचारते अजून काय माहिती आहे म्हणून.

काकूंना नमस्कार सांग. तिकिटाचं लवकर कळव, मी सुट्टी टाकतो.

तुझाच,
संत्या