उन्हात वर चढणारी आणि मातीत दडणारी

महोदय,

आपल्याकडे पिके फस्त करणाऱ्या शंखी गोगलगायीचा विषय निघाला की ऑस्ट्रेलियातल्या शेतकऱ्यांचा दाखला दिला जातो. दाखला कामाचा आहे, पण तिथली गोगलगाय निराळी आणि तिची खोडही निराळी. तिथला उपाय जसाच्या तसा उचलला तर डिझेल जाईल, गोगलगाय राहील.

दक्षिण ऑस्ट्रेलियातील यॉर्क द्वीपकल्पात गहू-बार्लीला ज्या चार गोगलगायींनी जेरीस आणले, त्या भूमध्य समुद्राकाठच्या. दोन गोल पांढऱ्या, दोन निमुळत्या. गोल जातींपैकी ‘थीबा पिसाना’ तर दक्षिण आफ्रिका आणि कॅलिफोर्नियातही पोचली आहे. उन्हाळा लागला की ती शंखाचे तोंड वाळक्या चिकट पापुद्र्याने बंद करते आणि महिनोन्‌महिने अन्नपाण्यावाचून एका जागी चिकटून बसते. ती जागा फरशांचे खोके, कंटेनरचा पत्रा किंवा यंत्राचा सांधा असली, की समुद्रप्रवास फुकट.

जमीन तापते तेव्हा ही गोगलगाय वर चढते. वीतभर उंचीवरही हवा बरीच सुसह्य असते. म्हणून धसकटांना आणि कुंपणाच्या खांबांना शंखांचे घोस लागतात. कापणी साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरात, म्हणजे तिथला उन्हाळा लागताना, नेमकी याच सुमारास. कणसांबरोबर गोगलगायी हार्वेस्टरमध्ये जातात, चिरडतात, त्यांचा लगदा आणि भुसा मिळून चाळण्या बुजतात, धान्याला ओल लागते. निमुळती जात तर आकाराने दाण्याएवढी, त्यामुळे चाळणीतून दाण्याबरोबरच खाली येते. माल नाकारला जातो तो बहुधा तिच्यामुळे.

वर चढण्याची ही सवयच तिथल्या शेतकऱ्यांनी तिच्यावर उलटवली. हवेचे तापमान 35 अंशांच्या वर गेले की धसकटांवरून साखळी किंवा जाड तार ओढायची, नाहीतर रूळ फिरवायचा. खाली पडलेली गोगलगाय तापल्या जमिनीवर भाजून मरते. हे दिवस चढत असताना करायचे. उन्हे उतरल्यावर केले तर ती रात्रीतून परत वर जाते. दगडाळ रानात निमुळती जात दगडाखाली शिरते, तिथे आधी दगड उलथवावे लागतात. फ्रान्समधून आणलेली एक परजीवी माशीही 2001 ते 2004 दरम्यान तिथे सोडली गेली, पण तेवढ्याने प्रश्न मिटला नाही.

आपल्याकडची शंखी गोगलगाय आली पूर्व आफ्रिकेतून, मॉरिशसमार्गे. 1847 मध्ये ती कोलकात्यात एका बागेत सोडली गेली. तिचे उन्हाळ्यातले वागणे उलट: ती जमिनीत, बांधाच्या दगडांत, पालापाचोळ्याखाली दडते. धसकटांवरून साखळी ओढून तिला काय होणार? तिच्यासाठी उन्हाळ्यातली खोल नांगरट हवी, म्हणजे ती आणि तिची अंडी उघडी पडून उन्हात सापडतात. बांध मात्र नांगराबाहेर राहतात आणि पावसाळ्यात पुन्हा तिथूनच सुरुवात होते. गोळा करताना हातमोजे हवेतच, तिच्यातून माणसाच्या मेंदूला बाधणारा जंत येऊ शकतो.

दोन्हींना सारखा लागू पडणारा धडा आमिषाचा. पहिल्या पावसाने गोगलगाय हलू लागली की अंडी घालण्याआधी विषारी आमिषाच्या गोळ्या शेतात पडल्या पाहिजेत. पीक कुरतडलेले दिसल्यावर दुकान गाठणे म्हणजे एक पिढी हातची घालवणे. गोळीच्या वासाने गोगलगाय लांबून धावत येत नाही, फिरता फिरता गाठ पडली तरच खाते. म्हणून ऑस्ट्रेलियात चौरस मीटरला किमान 30 गोळ्या पडाव्यात असे सांगतात. आपल्याकडे मेटाल्डिहाइड या गोगलगायनाशकाच्या गोळ्या एकरी 2 किलो सुचवतात, म्हणजे चौरस मीटरला जेमतेम अर्धा ग्रॅम. गोळी जाड असेल तर एवढ्यात दोन-चारच बसतात आणि मधली जागा मोकळी राहते. तेव्हा बारीक गोळी घ्यावी आणि मुठीने ढीग न टाकता विखरून पेरावी. ढीग कुत्र्या-गुरांच्या तोंडी लागतो आणि तो त्यांना विषारीच. खत फेकणाऱ्या यंत्राने टाकायच्या असतील तर आधी मोकळ्या जागेत चालवून बघावे. गोळ्या फुटतात, आणि युरियाइतक्या लांब जात नाहीत. दोन पट्ट्यांमध्ये राहिलेल्या कोऱ्या जागेत गोगलगायी तशाच राहतात आणि दोष औषधाला लागतो.

– एक कृषी पदवीधर वाचक, लातूर