अर्भकमृत्यूची चौकशी आजाराच्या नावापाशी थांबू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा सुरू झाला की मेळघाट, अक्कलकुवा-धडगाव, जव्हार-मोखाडा या भागांतून बालमृत्यूंच्या बातम्या येऊ लागतात आणि पाठोपाठ एक ठरलेला वाद रंगतो. वृत्तपत्रे ‘कुपोषणाचे बळी’ असा मथळा देतात. प्रशासन खुलासा करते की ही बालके कुपोषणाने दगावलेली नसून न्यूमोनिया, जंतुसंसर्ग, कमी वजन किंवा जन्मतःचा श्वासावरोध अशा कारणांनी दगावली आहेत. ग्रामीण आरोग्यसेवेत हयात गेल्यामुळे आणि बालमृत्यू अन्वेषणाच्या बैठकांना बसण्याचा अनुभव असल्यामुळे मला असे वाटते की या वादात दोन्ही पक्ष एकच गोष्ट गृहीत धरून चालतात: प्रत्येक मृत्यूला एकच कारण असते आणि ते कागदावर लिहिले की चौकशी पूर्ण होते. या गृहीतकाबद्दलच हे पत्र आहे.

आधी थोडे आकड्यांविषयी. नमुना नोंदणी पद्धतीच्या २०२० सालच्या अहवालानुसार महाराष्ट्राचा अर्भकमृत्यू दर हजार जिवंत जन्मांमागे १६ होता (देशाचा २८, केरळचा ६) आणि त्यांपैकी ११ मृत्यू जन्मानंतरच्या पहिल्या २८ दिवसांतले होते. म्हणजे वर्षाच्या आत दगावणाऱ्या बालकांपैकी दोन तृतीयांशांहून अधिक बालके महिनाभरही जगत नाहीत आणि त्यांतलीही बरीचशी पहिल्याच आठवड्यात जातात. दोन दिवसांचे बाळ अंगणवाडीच्या तक्त्यातल्या अर्थाने कुपोषित नसते, हे प्रशासनाचे म्हणणे बरोबर आहे. पण त्याचे वजन दीड किलो का भरले, हा प्रश्न त्या उत्तराने मिटत नाही. तो आईच्या रक्तातल्या लोहाकडे, तिच्या वयाकडे आणि गरोदरपणात तिने काय खाल्ले व किती ओझे उचलले याकडे जातो. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील २० ते २४ वयोगटातील २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठराव्या वर्षाआधी झालेले आढळले होते. तेव्हा मथळाही अर्धा खरा असतो आणि खुलासाही.

आता कारण ठरते कसे ते पाहू. रुग्णालयात मृत्यू झाला की जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याखाली डॉक्टर नमुना ४ भरतात. रुग्णालयाबाहेरच्या मृत्यूसाठी नमुना ४अ असतो. या नमुन्याची रचना विचारपूर्वक केलेली आहे: वर तात्कालिक कारण, त्याखाली ते ज्यामुळे उद्भवले ते कारण, त्याखाली त्याच्याही मुळाशी असलेले कारण आणि शेवटी मृत्यूला हातभार लावणाऱ्या इतर गोष्टी. प्रत्यक्षात वरच्या ओळीत ‘हृदय व श्वसनक्रिया बंद पडणे’ असे लिहिले जाते आणि खालच्या ओळी रिकाम्या राहतात. जो मरतो त्याचे हृदय बंद पडतेच. हे मृत्यूचे वर्णन झाले, कारण नव्हे. याचा दोष मी मध्यरात्री एकट्याने कक्ष सांभाळणाऱ्या निवासी डॉक्टरला देणार नाही, कारण हा नमुना कसा भरावा हे त्याला बहुधा कोणी बसवून शिकवलेलेच नसते. नवजात बालकाच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. बाळाची फाइल विशेष नवजात काळजी कक्षात असते आणि आईची प्रसूती कक्षात, आणि दोन्ही फाइली एका टेबलावर क्वचितच येतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये प्रसूतिकाळातील बालमृत्यूंच्या वर्गीकरणाची जी पद्धत दिली, तिच्यात बाळाच्या मृत्यूच्या कारणाला आईची स्थिती जोडून लिहावी लागते: आईचा रक्तदाब वाढला होता का, वार आधी सुटली होती का, कळा अडून राहिल्या होत्या का. आपल्याकडे ‘श्वासावरोध’ लिहून कागद बंद होतो आणि ती बाई किती तास अडली होती ही माहिती शेजारच्या इमारतीतल्या कपाटात राहते.

घरी झालेल्या मृत्यूचे काम याहून नाजूक आहे. तिथे शवविच्छेदन नसते, तपासण्या नसतात. आई आणि घरच्यांशी बोलून कारणाचा अंदाज बांधायचा असतो. केंद्र सरकारच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार गावातली आशा कार्यकर्ती मृत्यूची वर्दी देते, आरोग्यसेविका प्राथमिक चौकशी करते, निवडक मृत्यूंची सविस्तर चौकशी तालुका पातळीवर होते आणि पुढे जिल्हा समिती आढावा घेते. पद्धत चांगली आहे, पण ती पूर्णपणे विचारणाऱ्याच्या कानावर अवलंबून आहे. आई सांगते, ‘बाळ दूध ओढेना, थंड पडलं, नुसतं निपचित राहिलं.’ नवजात बाळाच्या रक्तातील जंतुसंसर्गाचे याहून स्पष्ट वर्णन दुसरे नाही, कारण इतक्या लहान बाळाला अशा वेळी ताप येण्याऐवजी पुष्कळदा अंग गार पडते. प्रश्नावलीत मात्र ‘ताप होता का’ असे विचारलेले असते. आई ‘नाही’ म्हणते आणि चौकशी करणारी व्यक्ती घाईत असेल तर जंतुसंसर्गाचा मुद्दा तिथेच सुटतो. त्यात भाषेची भर पडते. आईची भाषा कोरकू, पावरी किंवा माडिया, प्रश्नावली मराठीत आणि मध्ये दुभाषा म्हणून बहुतेक वेळा नवरा किंवा सासू, म्हणजे ज्यांच्या निर्णयांविषयी विचारायचे तीच माणसे. बाळाच्या पोटावर डंबा (तापलेल्या लोखंडाचा चटका) दिला होता का, भुमकाकडे म्हणजे गावच्या मांत्रिक-वैदूकडे आधी नेले होते का, याचे खरे उत्तर रागावणाऱ्या साहेबाला मिळत नाही; ते शांतपणे ओट्यावर बसणाऱ्या बाईला मिळते. शिवाय नवजात बाळाला पाहण्यासाठीच्या गृहभेटी झाल्या की नाहीत हे तपासणारी आरोग्यसेविका त्याच कामाला जबाबदार असते, हा हितसंबंधांचा गुंता कोणत्याही परिपत्रकाने सुटलेला नाही.

असे काम नीट होऊ शकते याचा पुरावा आपल्याच राज्यात, गडचिरोलीत आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५-९६ मध्ये ३९ गावांत गावातल्याच प्रशिक्षित आरोग्यदूत स्त्रियांकडून ७६३ नवजात बालकांची घरोघरी पाहणी करवली. त्यांपैकी ४० बालके पहिल्या २८ दिवसांत दगावली. मृत्यूनंतर आठवणी गोळा करण्याऐवजी बाळ जिवंत असतानाच नोंदी ठेवलेल्या असल्यामुळे नवजात बालकांच्या तज्ज्ञाला त्या नोंदी वाचून कारण ठरवता आले: निम्म्याहून किंचित अधिक, म्हणजे २१ मृत्यू जंतुसंसर्ग व न्यूमोनियाचे होते, ८ श्वासावरोधाचे आणि ६ फार आधी जन्मल्यामुळे झालेले. माझ्या मते त्या अभ्यासाचे खरे महत्त्व याच्या पुढच्या भागात आहे. दगावलेल्या बहुतेक बालकांना एकाच वेळी एकाहून अधिक त्रास होते. दिवस भरण्याआधी जन्मलेले किंवा कमी वजनाचे बाळ तेवढ्याने जात नव्हते. त्यात अंग गार पडणे, दूध न ओढणे आणि जंतुसंसर्ग यांची भर पडली की ते हातचे जात होते. म्हणूनच बाळाला ऊब देणे, अंगावर पाजण्यास मदत करणे, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखून गावातच प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे एवढ्या उपायांनी तिथला नवजात मृत्यूदर तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी उतरला. हे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले आणि २०११ पासून देशभर आशांच्या नवजात गृहभेटी सुरू झाल्या. कारणांची चौकशी नीट झाली की उपाय कसा हाती लागतो, हे यातून दिसते. ‘कमी वजन’ एवढेच कारण लिहिले असते, तर ‘कमी वजनाचे बाळ, आपण काय करणार’ म्हणून सगळे हात झटकून मोकळे झाले असते. ती सोय आजही वापरली जाते.

जिल्हा बैठकांत मला नेहमी खटकत आले ते हे की आजाराचे नाव समजल्यावर पुढचे प्रश्न विचारलेच जात नाहीत. मुदतीआधी कळा सुरू झाल्या तेव्हा बाळाची फुप्फुसे परिपक्व व्हावीत म्हणून आईला डेक्सामेथासोनचे इंजेक्शन मिळाले का? प्राथमिक आरोग्य केंद्रातून ग्रामीण रुग्णालय, तिथून उपजिल्हा, तिथून जिल्हा रुग्णालय असा प्रवास झाला, तेव्हा पुढच्या ठिकाणी फोन गेला होता का? रुग्णवाहिकेत बाळ आईच्या उघड्या छातीशी बांधलेले होते की पातळ टॉवेलात गुंडाळून आत्याच्या मांडीवर? कक्षात पोहोचले त्या वेळी त्याचे तापमान किती होते? बाळांना ऊब देणाऱ्या एका वॉर्मरवर किती बालके होती आणि त्या पाळीत परिचारिका किती होत्या? घरून निघायला, रुग्णालयात पोहोचायला आणि पोहोचल्यावर उपचार सुरू व्हायला झालेला उशीर नोंदवण्याची सोय चौकशीच्या कागदपत्रांत आहे. त्यांपैकी पहिल्या उशिराचा रकाना उत्साहाने भरला जातो, कारण त्यात दोष कुटुंबाचा असतो. तिसऱ्याचा बहुधा कोरा राहतो.

तो कोरा का राहतो हे सर्वांना ठाऊक आहे. चौकशी म्हणजे निलंबन, असे समीकरण आपण बनवून ठेवले आहे. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात आग लागून १० बालके गेली. ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले, त्यांत १२ नवजात होती. अशा वेळी मंत्री येतात, समित्या नेमल्या जातात, नांदेडच्या बाबतीत तर उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. हे योग्यच आहे; आगीसारख्या प्रकारात फौजदारी जबाबदारी ठरलीच पाहिजे आणि या पत्रातला कोणताही शब्द त्याविरुद्ध नाही. परंतु बहुसंख्य बालके अशी एकत्र जात नाहीत. ती एकेक करून, वेगवेगळ्या तालुक्यांत, कॅमेऱ्यांशिवाय जातात, आणि त्यांच्या वाट्याला येणारी चौकशी प्रामाणिक असावी असे वाटत असेल, तर बोलणाऱ्याला अभय हवे. ते नसले की मृत्यू लपवले जातात किंवा दुसऱ्या रकान्यात सरकवले जातात: जन्मल्यावर दोन-चार आचके देऊन गेलेले बाळ ‘उपजत मृत’ म्हणून नोंदवले की अर्भकमृत्यूच्या आकड्यातून ते वजा होते. राज्यातील स्वयंसेवी संस्थांनी २००१ मध्ये ‘कोवळी पानगळ’ या अहवालातून सरकारी नोंदींत न येणाऱ्या बालमृत्यूंचे प्रमाण दाखवून दिले, तेव्हा केवढी खळबळ उडाली होती हे जुन्या वाचकांना आठवत असेल. नोंदणी तेव्हापासून सुधारली आहे. लपवण्यामागची भीती मात्र तशीच आहे.

यावर मार्ग नवीन शोधायचा नाही. इंग्लंड व वेल्समध्ये १९५२ पासून मातामृत्यूंची गोपनीय चौकशी होत आली आहे आणि आपल्या देशात केरळमधील प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने २००४ पासून तोच मार्ग धरला. आई, डॉक्टर आणि रुग्णालय यांची नावे काढून टाकलेली कागदपत्रे बाहेरच्या तज्ज्ञांसमोर ठेवायची, कुठे काय चुकले ते ठरवायचे, निष्कर्ष सर्वांसाठी प्रसिद्ध करायचे आणि ते कोणाविरुद्ध कारवाईसाठी वापरायचे नाहीत, असे त्याचे स्वरूप आहे. महाराष्ट्राने नवजात मृत्यूंसाठी निदान चार-पाच जिल्ह्यांत हे सुरू करावे. तज्ज्ञ शेजारच्या जिल्ह्यातले असावेत, म्हणजे ओळखीपाळखीचा संकोच राहणार नाही. ज्या मृत्यूंचे कारण बोलण्यातून उलगडत नाही, त्यांच्यासाठी बाळाच्या शरीराची चिरफाड न करता सुईने ऊतींचे लहान नमुने घेण्याची पद्धत दिल्लीत आणि कर्नाटकात दावणगेरे येथे संशोधनासाठी वापरली गेली आहे. पालकांच्या संमतीने ती आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांतही आणता येईल. तूर्त एवढे झाले नाही तरी आई आणि बाळ यांच्या फाइली एकत्र वाचण्याला कोणतेही यंत्र लागत नाही.

ज्या आईचे बाळ गेले तिला कोणी काही सांगत नाही, हीही गोष्ट मला सांगितलीच पाहिजे. तिच्याकडून तासभर माहिती घेतली जाते आणि समितीने काय ठरवले ते तिच्यापर्यंत कधीच पोहोचत नाही. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातील २०२३ च्या दुरुस्तीने रुग्णालयातील मृत्यूच्या कारणाच्या दाखल्याची प्रत जवळच्या नातेवाइकाला देणे बंधनकारक झाले आहे. ती प्रत हातात ठेवून, तिला समजेल अशा भाषेत, पुढच्या गरोदरपणात काय जपायचे ते सांगणे हा अन्वेषणाचाच भाग धरला पाहिजे. कारण तीच स्त्री वर्षा-दीड वर्षात पुन्हा गरोदर असण्याची शक्यता मोठी असते आणि तिच्या बाबतीतला धोका आपल्याला आधीच ठाऊक झालेला असतो.

आपल्या दैनिकाला एक विनंती करतो. बातमी छापल्यानंतर तीन महिन्यांनी आपल्या वार्ताहराने संबंधित जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना पुन्हा गाठावे, आणि लागल्यास माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करून, चार गोष्टी विचाराव्यात: त्या काळात जिल्ह्यात किती अर्भकमृत्यू नोंदले गेले, किती मृत्यूंची सविस्तर चौकशी झाली, जिल्हा समितीने कोणत्या शिफारशी केल्या आणि त्यांतल्या कोणत्या अमलात आल्या. उत्तरे मिळोत वा न मिळोत, ती जिल्हावार छापावीत.

आपला विश्वासू,
एक निवृत्त तालुका आरोग्य अधिकारी, विदर्भ