नवा केबिन फिल्टर बिलात, जुनाच गाडीत, तोही उलटा

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

महोदय,

आपल्या सोलापुरातील सर्व्हिस सेंटरने ७ मे रोजीच्या बिलात एसीचा केबिन फिल्टर बदलल्याचे ६५० रुपये आणि गॅस भरल्याचे १,९०० रुपये लावले आहेत. फिल्टर बदललेलाच नाही, आणि गॅसची गरज नव्हती.

डॅशबोर्डचा खण रिकामा करून त्याच्या दोन्ही बाजू आत दाबल्या की तो खाली झुकतो. मागे दोन क्लिपांचे झाकण, त्यात फिल्टर. पान्याची गरज नाही, पाच मिनिटांचे काम. बाहेर आला तो जुनाच: घड्यांत सुती तंतूंचा करडा थर, कडुलिंबाच्या पानांचा चुरा, एका कोपऱ्यात करंगळी जाईल एवढे भोक. हवेचा पाइप अगदी जवळून मारला की कागद असाच फाटतो. चौकटीवरचा बाण मॅन्युअलप्रमाणे खाली हवा, तो वर होता. म्हणजे मळकी बाजू कूलिंग कॉइलकडे, आणि ब्लोअर तीच घाण कॉइलवर नेऊन बसवणार. ओल्या कॉइलवर बसलेली धूळ नुसता नवा फिल्टर घालून निघत नाही.

आता गॅस. ब्लोअर चारवर असूनही झोत कमी, एवढीच तक्रार जॉब कार्डवर आहे. येत होती ती हवा गारच होती. गॅस कमी असता तर झोत भरपूर आणि हवा कोमट आली असती. फिल्टर काढून ब्लोअर मिनिटभर चालवला की झोत फिल्टरमुळेच अडतो का ते कळते. या गाडीत झोत लगेच पूर्ववत झाला. शिवाय हा गॅस पेट्रोलसारखा संपत नाही, कमी झालाच तर कुठेतरी गळती असते. कार्डवर गळतीची तपासणी नाही, प्रेशरचे आकडे नाहीत, किती ग्रॅम भरला तेही नाही. बॉनेटखालच्या स्टिकरवरील वजनापेक्षा जास्त भरला असेल तर थंडावा उलट घटतो आणि कॉम्प्रेसरवर ताण येतो.

गाडी रोज अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागांच्या शेडजवळ उभी असते, हे कार्डवर लिहिलेले आहे. सुती तंतू धुळीसारखे झटकून पडत नाहीत, घड्यांत गच्च बसतात. अशा गाडीला ठरलेल्या किलोमीटरची वाट न पाहता दर सर्व्हिसला फिल्टर काढून बघावा लागतो, हे सोलापुरातल्या सेंटरला तरी सांगावे लागू नये.

दोन्ही रकमा परत कराव्यात. भरलेला गॅस मशीनने काढून, व्हॅक्यूम करून, स्टिकरप्रमाणे वजन करून पुन्हा भरावा आणि ग्रॅमचा आकडा लेखी द्यावा. कॉइल कॅमेऱ्याने तपासून विनामूल्य साफ करावी. १५ दिवसांत उत्तर न आल्यास १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार नोंदवली जाईल.

सध्या गाडीत बाहेरून घेतलेला नवा फिल्टर आहे. जुना पिशवीत बंद करून ठेवला आहे. आपल्या माणसाला तो दाखवला जाईल, दिला जाणार नाही.

आपला,
एक ग्राहक, सोलापूर

सोबत: बिल व जॉब कार्डच्या प्रती, फिल्टरचे फोटो