शून्य सावली नुसती पाहू नका, मोजा

संपादक महोदय,

25-26 मेच्या सुमारास भुसावळ-जळगावकडे दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येऊन सावली गायब होते आणि बिनसावलीच्या बाटल्यांचे फोटो छापून येतात. पण त्या दिवशी पृथ्वीचा परीघही मोजता येतो. सोलापूर जवळपास भुसावळच्याच रेखांशावर आहे. ओळंब्याने सरळ उभी केलेली एक मीटरची काठी भुसावळला सावली देणार नाही; सोलापुरात मात्र तिची दक्षिणेकडे सुमारे 6 सेंमी सावली पडेल, म्हणजे काठी आणि सूर्यकिरण यांत 3.4 अंशांचा कोन; पूर्ण वर्तुळाच्या 360 अंशांतला तेवढाच भाग या दोन गावांमध्ये आहे. हवाई अंतर सुमारे 375 किमी. त्याला 360 ने गुणून 3.4 ने भागा, उत्तर 40,000 किमीच्या जवळ येते. प्राचीन ग्रीक विद्वान इराटोस्थेनिसने याच पद्धतीने परीघ काढला होता.

गडबड होते ती घड्याळाने. इथली खरी मध्यान्ह, म्हणजे सूर्य सर्वांत उंच असण्याची वेळ, 12 वाजून 24 मिनिटांच्या आसपास. बाराच्या ठोक्याला मोजाल तर भुसावळलाही 10 सेंमी सावली दिसेल! एसटीचे अंतर तर मुळीच घेऊ नये. सावलीची कडाही सेंटिमीटरभर पुसट असते. म्हणून टोकाला भोक पाडलेला पत्रा लावून उजेडाच्या ठिपक्याचा मध्य धरावा. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य पुन्हा डोक्यावर येतो, पण तेव्हा ढग. म्हणून शाळांना सुट्टी असली तरी मे महिनाच बरा.

– एक वाचक, भुसावळ